पायधुनी ते पादचारी पथ : मुंबईच्या बाजारपेठांची वाटचाल

मुंबईच्या स्थळनामांत काही नावे अशी आहेत की, त्यांच्या पोटात एका काळाचे अवघे लोकजीवन दडलेले असते. 'पायधुनी' हे त्यांपैकीच एक. मुंबई सात बेटांची होती तेव्हा भरतीचे पाणी या सखल भागात शिरत असे. ते ओलांडून आलेला वाटसरू येथे पायांचा चिखल धूत असे आणि मग वस्तीत प्रवेश करीत असे. म्हणून ही पायधुनी, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. पुढे वरळीचा बांध झाला, भराव पडत गेले, चिखल आटला आणि याच परिसरात श्री गोडीजी पार्श्वनाथांच्या देरासरासह अनेक देवस्थाने, पेढ्या व बाजार उभे राहिले. गुजरात, कच्छ आणि मारवाडातून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार येथे गाद्या घातल्या. त्यांच्या पुढील पिढ्या गिरगाव, लालबाग, परळ व दादरपर्यंत पसरल्या. या साऱ्या बाजारपेठांचा खरा पोशिंदा कोण, असे विचारले तर उत्तर एकच येते : पायी चालत येणारे गिऱ्हाईक.

शहराच्या नगररचनेने या पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाला गेल्या दीडशे वर्षांत काय दिले, त्याच्याकडून काय हिरावून घेतले आणि या देवघेवीत व्यापाऱ्याचा वाटा किती, याचा विचार व्यापारी समाजात क्वचितच होतो. सुवर्ण महोत्सवासारख्या प्रसंगी मागे वळून पाहताना तो होणे उचित ठरेल.

छपराखालचे रस्ते

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकारास आलेली आणि १८६९ साली पूर्ण झालेली मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आजची ती महात्मा जोतिबा फुले मंडई होय. रस्तोरस्ती विखुरलेला फळफळावळ व भाजीचा व्यापार एका छपराखाली आणावा, तेथे पाणी, उजेड व स्वच्छता असावी आणि रस्ता मोकळा राहावा, हा त्यामागील हेतू होता. बाजारपेठेसंबंधीचे हे मुंबईतील पहिले मोठे नागरी धोरण म्हणता येईल.

कापडाच्या व्यापाराने हीच वाट स्वीकारली. मुळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केट यांची रचना आठवावी. आत एकमेकींना छेदणाऱ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंस गाळे, पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीशी रचलेले तागे आणि वर छप्पर. गाठी हमालाच्या पाठीवरून वा हातगाडीवरून यावयाच्या. आडत्ये, दलाल, गुमास्ते आणि परगावचे व्यापारी या सर्वांचा वावर पायीच असावयाचा. वाहनाला आत वावच नव्हता. पादचारी बाजारपेठ ही परदेशातून आणलेली नवलाई आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन बाजारांतून एक फेरी मारावी.

फोर्ट विभागातही असाच विचार झालेला दिसतो. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारतींच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूस कमानींची सलग पडवी ठेवावी, असे बंधन १८९६ च्या नियमाने घातले गेले. इमारत खाजगी, परंतु तिच्या पुढची पडवी वाटसरूंसाठी. ऊन असो वा श्रावणसरी, माणूस दुकानामागून दुकान पाहत कोरड्या पायांनी जाऊ शके. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचा एक मार्ग बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुनीला जात असे. ट्राम गिऱ्हाइकाला बाजाराच्या तोंडाशी आणून सोडी. पुढचा बाजार तो चालतच करी.

प्लेग आणि रुंद रस्ते

१८९६ साली मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. व्यापार ठप्प झाला, कित्येक पेढ्यांना टाळी लागली. दाट, कोंदट वस्तीत हवा व उजेड खेळल्याखेरीज रोगराई हटणार नाही, या विचाराने १८९८ साली मुंबई सुधार न्यास, म्हणजे 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाला. समुद्राकडील वारा वस्तीत खोलवर यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे रुंद रस्ते जुन्या वस्त्या भेदून काढण्यात आले. रस्त्याच्या आखणीत ज्यांची घरे व दुकाने आली, त्यांचे बिऱ्हाड उठले. ज्यांची दुकाने नव्या रस्त्याच्या तोंडावर आली, त्यांचे भाग्य उजळले. नगररचनेची रेघ कागदावर सरळ असते, पण प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी उंबऱ्यावरून जाते, हे त्या पिढीने अनुभवले.

या पद्धतीला विरोध करणारा एक विद्वान त्याच सुमारास भारतात आला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या पेठांवर सरसकट पहार चालविण्यास त्यांचा विरोध होता. आधी गल्लीगल्लीतून पायी फिरावे, लोक कोठे बसतात, कोठे वळतात, कोठे पाणी भरतात ते पाहावे, जेथे खरोखर अडते तेवढेच काढावे आणि उरलेले जपावे, अशी त्यांची शिकवण होती. कुशल वैद्य जसा रोगट भागापुरताच चाकू लावतो, तशी ही नगरचिकित्सा. दुर्दैवाने मुंबईच्या बाजारपेठांच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

मात्र न्यासाच्या कामाची उजवी बाजूही नोंदविली पाहिजे. उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर आखलेल्या दादर-माटुंगा योजनेत रस्ते, पदपथ, झाडे व मैदाने यांची मांडणी आधी झाली आणि इमारती मागाहून उठल्या. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनीतून आजही सावलीतून चालता येते, ते या दूरदृष्टीमुळे. १९३३ मध्ये न्यासाचे काम महानगरपालिकेकडे आले आणि त्याचा स्वतंत्र अध्याय संपला.

रस्ता वाहनाचा झाला

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटत गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या गाळेधारकास संरक्षण दिले. त्यामुळे गिरगाव, भुलेश्वर, लालबाग येथील लहान व्यापारी तगला, हे सत्य आहे. परंतु गोठलेल्या भाड्यात घरमालक दुरुस्ती करीना, हेही तितकेच सत्य. इमारती जीर्ण होत गेल्या. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली आणि रस्त्याच्या मधोमध निश्चित वाटेने जाणारे, गिऱ्हाइकांना घाऊक प्रमाणात आणून सोडणारे साधन नाहीसे झाले. ती जागा मोटारींनी व्यापली.

१९६७ आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावल्यांत चटई क्षेत्र, रस्त्याची रुंदी, वाहनतळ यांचा काटेकोर हिशेब मांडला गेला. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकास वाढीव चटई क्षेत्र देण्याची तरतूदही पुढे आली. चालणाऱ्याच्या वाट्याला मात्र रस्त्याच्या कडेची उरलेली पट्टी आली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या परिवहन अभ्यासात महानगरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे आढळले. बहुसंख्य लोक ज्या रीतीने फिरतात तीच रीत नियोजनात शेवटी यावी, ही विसंगती व्यापाऱ्याच्या तरी नजरेतून सुटावयास नको होती.

उड्डाणपुलांनी एक संधी दिली होती. २००२ साली मोहम्मद अली मार्गावरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल आणि २०११ साली लालबागचा उड्डाणपूल खुला झाला. बाजारात ज्यांना काही घ्यावयाचे नाही, केवळ पुढे जावयाचे आहे, अशी वाहने वर गेली. खालचा रस्ता त्या प्रमाणात चालणाऱ्यास द्यावा, पदपथ रुंद करावेत, लालबागची मिरची गल्ली व चिवडा गल्ली यांच्या तोंडाशी रस्ता ओलांडण्यास सुरक्षित वाट ठेवावी, हे सहज सुचावे असे होते. तसे घडले नाही. याउलट किंग्ज सर्कलच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली नागरिकांच्या पाठपुराव्याने नानालाल मेहता उद्यान झाले व तेथे सकाळ-संध्याकाळ लोक निर्धास्त चालतात. पुलाखालची जागा काय होऊ शकते, याचा तो नमुना आहे.

गिरण्या गेल्या, मॉल आले

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने परळ-लालबागचे अर्थकारण मुळापासून हलविले. पगाराच्या दिवशी कापड, धान्य, भांडी घेण्यास येणारा कामगार हळूहळू दिसेनासा झाला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी ठरविला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मोकळी जागा व रस्ते यांसाठी मिळू शकणारी जमीन त्या प्रमाणात घटली. गिरणगावात कचेऱ्या व मॉल उठले; चालण्याच्या वाटा होत्या तेवढ्याच राहिल्या.

त्याची किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजावी लागली. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड स्थानक यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर, पाऊस पडत असता, चेंगराचेंगरी होऊन २३ जीव गेले. हजारो नव्या नोकऱ्या त्या परिसरात आल्या, परंतु पूल जुन्या गर्दीच्या मापाचा होता. नंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल उभारून फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. जे काम काही महिन्यांत होऊ शकले, त्यासाठी इतक्या माणसांचे प्राण जावे लागले, ही खंत कायम राहील.

मॉलच्या आगमनाने किरकोळ व्यापारी धास्तावला होता. हाजीअलीजवळचा 'क्रॉसरोड्स' हा मुंबईतील पहिला मॉल १९९९ मध्ये उघडला. सुरुवातीच्या काळात मोबाइल फोन वा क्रेडिट कार्ड नसणाऱ्यास तेथे प्रवेशासाठी पैसे मोजावे लागत, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. परंतु मॉल म्हणजे काय, याचा व्यापारी दृष्टीने विचार केला तर मौज वाटते. वाहन बाहेर उभे करावयाचे, आत सपाट फरशीवरून धक्काबुक्कीविना चालावयाचे, मुलांचा हात सोडला तरी भीती नाही आणि दुकानांच्या दोन रांगा समोरासमोर. मुळजी जेठा मार्केटची ही वातानुकूलित आवृत्तीच होय. गिऱ्हाईक मॉलकडे वळले ते केवळ थंड हवेसाठी नव्हे. तेथे त्याला निश्चिंतपणे चालता येत होते.

पदपथावरचा वाद

दादर पश्चिमेस रेल्वे स्थानकातून बाहेर पडून रानडे रोड, डिसिल्व्हा रोड, कबुतरखाना या भागात शिरणारी गर्दी दिवाळीपूर्वीच्या रविवारी पाहावी. पदपथाची एक बाजू फेरीवाल्याने घेतलेली, दुसऱ्या बाजूस दुकानाच्या पायऱ्या व बाहेर टांगलेला माल, कडेला उभ्या मोटारी आणि दुचाक्या; चालणारे गिऱ्हाईक उतरते ते भर रस्त्यात. दुकानदार दोष देतो फेरीवाल्याला, फेरीवाला महापालिकेला आणि वाहनचालक दोघांना.

कायद्याने या प्रश्नात वारंवार लक्ष घातले आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात रस्त्याची नियत रेषा आणि पदपथावरील अडथळे यांसंबंधी कलमे आहेत. १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रे व फेरीवाला-मुक्त क्षेत्रे आखण्याचे तत्त्व मांडले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण व नगर पथविक्रेता समितीमार्फत, लोकसंख्येच्या अडीच टक्के मर्यादेपर्यंत, विक्रेत्यांना सामावून घेण्याची व्यवस्था सांगितली. परळच्या दुर्घटनेनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत विक्रीस मनाई असल्याचे स्पष्ट केले. मुंबईत २०१४ च्या कायद्याची अंमलबजावणी मात्र सर्वेक्षणे, समित्यांच्या निवडणुका व न्यायालयीन वाद यांत वर्षानुवर्षे रखडली.

फेरीवाल्याचाही संसार आहे आणि त्याचे गिऱ्हाईकही पायीच येते. त्यास ठरावीक जागा, ठरावीक माप व ओळखपत्र मिळणे, हे त्याच्या व दुकानदाराच्या दोघांच्या हिताचे आहे. परंतु त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी दुकानदाराने स्वतःच्या उंबऱ्याबाहेर पाहिले पाहिजे. दोन हात पुढे आलेली पायरी, बाहेर काढलेला पुतळा, साड्यांची टांगणी, सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानासमोर उभी असलेली मालकाची स्वतःची मोटार, ही सारी सार्वजनिक जागाच आहे. जे दिलेले नाही ते घेणे यास जैन परंपरेत 'अदत्तादान' म्हटले आहे आणि श्रावकाच्या अणुव्रतांत त्याचा त्याग सांगितला आहे. पदपथाची दोन फूट जागा त्यात येत नाही, असे कोणत्याही आचार्यांनी सांगितलेले नाही.

प्रश्न केवळ सोयीचाही नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास इमारतीस आग लागली. ती विझविताना इमारत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. जीर्ण इमारती, दाटीवाटीचे कारखाने आणि चिंचोळ्या गल्ल्या यांच्या या बाजारात मोकळा ठेवलेला प्रत्येक हात संकटसमयी मोलाचा असतो. याच गल्ल्यांतून साधू-साध्वी ईर्यासमिती पाळीत, जमिनीवर दृष्टी ठेवून, अनवाणी विहार करतात. दुचाक्यांच्या गर्दीत त्यांना भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते, हे पाहून कोणास समाधान वाटेल?

इतर नगरांचा अनुभव

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९६२ साली 'स्ट्रोगेट' हा मुख्य बाजाररस्ता प्रयोगादाखल वाहनांस बंद करण्यात आला. व्यापारी भयभीत झाले होते. मोटार नाही तर गिऱ्हाईक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात गर्दी वाढली आणि १९६४ मध्ये व्यवस्था कायम झाली.

दूर कशाला, दिल्लीचा चांदणी चौक घ्यावा. श्री दिगंबर जैन लाल मंदिर ज्याच्या तोंडाशी उभे आहे, तो लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांस तेथे मज्जाव आहे. मालाची चढउतार रात्री. नियम मोडणाऱ्या दुचाक्या व रिक्षांच्या तक्रारी पुढे येतच राहिल्या, यावरून देखरेखीविना फरशी व्यर्थ असते हेही दिसून आले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला आणि पुढील वर्षांतही तो उपक्रम झाला. मुंबईतच दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानदारांना विश्वासात घेऊन पाट्या व दर्शनी भाग नियमबद्ध करण्यात आले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्या कार्याची दखल घेतली गेली. हे काम दंडाने झाले नाही. व्यापाऱ्यांच्या संमतीने झाले.

शिवाय मुंबईला याचा सराव नाही, असेही नाही. गणेशोत्सवात लालबाग व गिरगावचे रस्ते चालणाऱ्यांसाठी आखले जातात, वाहने वळविली जातात, रुग्णवाहिकेस वाट राखली जाते. वर्षातून दहा दिवस जे साधते, ते आठवड्यातून एक दिवस आणि दिवसातून काही तास का साधू नये?

पुढची वाट

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके प्रवाशांसाठी उघडली. दादरचे भुयारी स्थानक त्याच वर्षी आधी सुरू झाले होते. ट्राम गेल्यावर सहा दशकांनी काळबादेवीला पुन्हा असे साधन मिळाले, जे गिऱ्हाइकाला बाजाराच्या तोंडाशी आणून सोडते. आता ते गिऱ्हाईक जिन्यावरून वर आल्यावर त्याचे पाऊल कोठे पडते, यावर बाजाराचे भवितव्य ठरेल.

व्यापाऱ्याच्या शंका रास्त आहेत. गाठी व तागे येणार कसे? वृद्ध गिऱ्हाईक दारापर्यंत पोहोचणार कसे? रस्ता सुधारला की भाडी व पागडी चढून लहान गाळेधारक हुसकला जाईल का? या शंकांना उत्तरे आहेत, पण ती चर्चेच्या मेजावर बसणाऱ्यालाच मिळतात. मालाच्या टेम्पोसाठी पहाटेची व रात्रीची वेळ, हातगाडीसाठी दिवसा राखलेली वाट, वृद्ध व अपंगांसाठी लहान विद्युत वाहन, अग्निशमन गाडीसाठी कायम मोकळा पट्टा, नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी आखलेले चौकोन आणि गाळेधारकांच्या हक्कांची हमी, हे सारे योजनेतच लिहून घ्यावे लागेल. व्यापारी संघटना केवळ विरोधाचे निवेदन घेऊन गेल्या, तर योजना त्यांच्याविना होतील आणि त्यांच्या गरजा त्यात नसतील. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळी असेच झाले होते.

प्रारंभ मात्र महापालिकेच्या आदेशाची वाट न पाहता होऊ शकतो. एका गल्लीतील सर्व दुकानदारांनी एकमताने आपला माल उंबऱ्याच्या आत घ्यावा, आपली वाहने सार्वजनिक वाहनतळावर उभी करावीत आणि महिनाभर गल्ल्यावरचा हिशेब पाहावा. वही खोटे बोलत नाही, हे कापड व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको. पन्नास वर्षांपूर्वी न्यासाच्या संस्थापकांनी कार्यारंभ केला तेव्हा देरासराकडे आणि दुकानाकडे जाणारी माणसे चालतच जात होती. त्यांच्या नातवंडांना त्याच वाटेने, हातात हात घालून, निर्भयपणे चालता आले तर या बाजारपेठा पुढील पन्नास वर्षे खचितच नांदतील.